ब्राउझर चालवणाऱ्या एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

तुमची अडचण मला समजली ती अशी. तुमच्या एजंटच्या, म्हणजे स्वतः ब्राउझर चालवणाऱ्या एआय मॉडेलच्या, हाती पाच टूल्स आहेत : क्लिक, टाइप, सिलेक्ट, स्नॅपशॉट (पानावरच्या घटकांची मजकुरातली यादी) आणि स्क्रीनशॉट (पानाचं चित्र). प्रत्येकाचं वर्णन एका ओळीचं. एजंट सारखा स्क्रीनशॉट काढतो, बटणाचा रेफ (स्नॅपशॉटमध्ये त्या घटकाला दिलेली ओळख) मनानेच ठरवतो आणि क्लिक फसलं की तेच पुन्हा करतो. मॉडेल बदलावं का, असं तुम्ही विचारलंय. मॉडेल राहू द्या, आधी वर्णनं बदला.

मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याच्यापुढे येतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा (टूलला द्यायच्या माहितीचा) स्कीमा, म्हणजे साचा, बस. एमसीपीमधून (मॉडेलला टूल्स जोडून देण्याच्या सामाईक पद्धतीतून) टूल्स दिली तरी तेच. ‘पानावर क्लिक करते’ हे वाक्य चुकीचं नाही, पण तेवढं तर नावावरूनच कळलं होतं. टूल कधी वापरायचं, कधी नाही, लागणारी माहिती कुठून घ्यायची आणि परत काय येतं, हे नावावरून कळत नाही. वर्णनाची जागा त्यासाठी आहे.

यातलं ‘कधी नाही’ बहुतेक जण लिहीतच नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट एमसीपी या ब्राउझर चालवणाऱ्या टूल्सच्या संचात स्क्रीनशॉटच्या वर्णनातच सांगून टाकलंय की स्क्रीनशॉटवरून कृती करता येत नाही, कृतीसाठी स्नॅपशॉट वापरा. एका वाक्यात दोन टूल्समधली हद्द आखली गेली. तुमच्याकडे ती आखलेली नाही, म्हणून मॉडेल चित्राकडे वळतं. चित्र बघून पिक्सेलच्या आकड्यांवर क्लिक करण्याची पद्धतही आहे; अँथ्रॉपिकने ऑक्टोबर २०२४मध्ये आणलेलं ‘कॉम्प्युटर यूज’ तसंच चालतं. पण तुमचं क्लिक आकडे घेत नाही, रेफ घेतं, आणि तो चित्रात नसतो. तो स्नॅपशॉटमध्ये असतो, म्हणजे स्क्रीन रीडर ज्यावर चालतात त्या ॲक्सेसिबिलिटी ट्रीमध्ये.

तुमचं क्लिक मी असं लिहीन (प्रत्यक्षात इंग्रजीत ठेवलंत तरी हरकत नाही) :

‘स्नॅपशॉटमधल्या एका घटकावर एकदा क्लिक करते. रेफ सर्वांत ताज्या स्नॅपशॉटमधूनच घ्यावा. पान बदललं की जुने रेफ चालत नाहीत. मजकूर भरण्यासाठी टाइप वापरावं. परतीत पानाचा पत्ता, शीर्षक आणि नवा स्नॅपशॉट येतो. क्लिकने फॉर्म जमा होऊ शकतो. परिणाम पाहिल्याशिवाय तेच क्लिक पुन्हा करू नये.’

शेवटचं वाक्य मी अनुभवातून शिकलो. आमचं क्लिक आधी नुसतं ‘झालं’ एवढंच परत पाठवायचं. एकदा पान हळू होतं, एजंटला काहीच बदललेलं दिसलं नाही, त्याने पुन्हा ‘सबमिट’ दाबलं आणि एका माणसाच्या नावाने दोन अर्ज गेले. दुसरा रद्द करायला त्या माणसाला हेलपाटे घालावे लागले. त्याचं मला आजही वाईट वाटतं. टूल काय परत पाठवतं हाही वर्णनाचाच भाग समजा. चूक झाल्यावर येणारा संदेशही तसाच : ‘घटक सापडला नाही’ इथे थांबू नका. ‘हा रेफ जुन्या स्नॅपशॉटमधला आहे, नवा स्नॅपशॉट घ्या’ असं लिहा, म्हणजे पुढची पायरी तिथेच मिळते.

सिलेक्टचंही बघून घ्या. ते एचटीएमएलच्या खऱ्या सिलेक्ट टॅगवरच (ब्राउझरच्या तयार ड्रॉपडाउनवरच) चालत असेल तर तसं स्पष्ट लिहा. आजकाल कितीतरी साइट्सवर ड्रॉपडाउन म्हणजे साधे डिव्ह (एचटीएमएलमधले नुसते चौकोन) असतात. तिथे आधी क्लिक करून यादी उघडायची आणि मग पर्यायावर क्लिक करायचं, हे मॉडेलला सांगावं लागतं.

मराठी पानांवर काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट. आमच्याकडे मजकुरावरून घटक शोधणारं टूल होतं. पानावर बटण होतं ‘जतन करा’, आणि एजंट शोधत होता ‘सेव्ह’, तेही रोमन लिपीत. त्या पॅरामीटरच्या वर्णनात आम्ही एवढंच घातलं : ‘मजकूर पानावर दिसतो तसाच, त्याच लिपीत द्यावा, भाषांतर करू नये.’ अडचण तिथेच मिटली. अशा सूचना टूलच्या मोठ्या वर्णनात दडवू नका, त्या त्या पॅरामीटरपाशी लिहा. तारखेचा साचाही तिथेच, उदाहरणासकट.

मात्र वर्णनांचे निबंध करू नका. टूल्सची सगळी वर्णनं सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात आणि टोकन (मॉडेल मजकूर ज्यात मोजतं ते तुकडे) खातात. चार-पाच वाक्यं पुरेशी असतात. तेवढ्यात बसत नसेल तर बहुधा एकाच टूलवर दोन कामं लादलेली असतात. ती वेगळी करा.

आणि पैसे भरणं, खातं मिटवणं असल्या कृतींसाठी वर्णनावर विसंबू नका. ‘परवानगीशिवाय वापरू नये’ हे वाक्य म्हणजे कुलूप नव्हे. एमसीपीत टूल विध्वंसक आहे असं सांगणारी खूण देता येते, पण तीही सूचनाच. पानावरच्या मजकुरात कुणी एजंटसाठी फसवी आज्ञा पेरून ठेवली तर वर्णन तिला अडवेलच असं नाही. माणसाची संमती कोडमध्येच घ्या.

बदल करताना एका वेळी एकच वर्णन बदला. तुमच्या नेहमीच्या वापरातली वीसेक कामं काढा, ती बदलाआधी आणि नंतर चालवा, आणि एजंटने पहिलं टूल कोणतं उचललं एवढंच आधी बघा. सुरुवात स्क्रीनशॉटच्या वर्णनापासून करा. तुमचं क्लिक सध्या नेमकं काय परत पाठवतं तेही कळवा, कारण पुन्हापुन्हा क्लिक होण्याचं कारण मला तिथेच दिसतंय.