दोन खेपांसाठी पिकअप?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गाडीला १५ वर्षं होत आली. आता तपासणी, हरित कर भरून ती ओढत बसण्यापेक्षा एकदाच पिकअप घ्यावा, घरचीही सोय आणि मालाचीही, असं तुझं म्हणणं. निम्मं पटलं. गाडी बदलच. पिकअपचं जरा थांब.

आधी माल मोज. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल ४५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा धरला तर साधारण ५२० ग्रॅम भरतो. म्हणजे तुझी ६०० नगांची ऑर्डर ३१० किलोच्या आसपास. वजनाला किरकोळ, पण जागा खाते. सुताचं उलटं. ५० किलोची सहा पोती तेवढ्याच वजनाची, पण कोपऱ्यात मावतात, आणि माणूस तिथंच फसतो.

मी फसलोय. व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि पोती दाराशीच रचली. सगळा भार मागच्या चाकांच्याही मागे. सोलापूरच्या होटगी रोडला लागलो तर स्टिअरिंग एकदम हलकं, पुढची चाकं रस्ता धरेनात. निम्मी पोती तिथंच उतरवली आणि दुसरी गाडी येईस्तोवर उन्हात राखण करत बसलो. तेव्हापासून जड माल खाली आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून, हलका वर.

पिकअप रिकामा चालवून बघितलायस का? त्याचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, भारासाठी घडवलेले असतात, मोकळी गाडी खड्ड्यात नुसती उडते. आईला तुळजापूरला न्यायचं म्हणतेस, ४५ किलोमीटर तिला त्यात बसवणार? शिवाय मालवाहू पिवळी पाटी आली की आरटीओची फिटनेस तपासणी आली: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. लायसनची चिंता मात्र करू नकोस. ७५०० किलोच्या आतल्या मालगाडीला एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलंय.

मोठी खेप महिन्यातून दोनदा, हे तूच लिहिलंयस. त्या दोन दिवशी छोटा हत्ती टेम्पो भाड्याने सांग. ड्रायव्हर, डिझेल, साखर पेठेतल्या बोळात गाडी वळवणं, सगळं त्याच्या डोक्याला. उरलेले दिवस तुला गाडी कशाला लागते? सॅम्पल, चार गठ्ठे, दवाखाना, बाजार.

मला विचारशील तर मारुतीची ईको व्हॅन बघ, पाच सीटची, एसीवाली. इथं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जातो आणि तिचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, त्यामुळे एसी ही चैन समजू नकोस. जोर मागच्या चाकांना, म्हणून भरल्यावर बरी ओढते. हायवेला वारा लागला की हलते. पुणे रोडला ८० च्या आतच ठेव. सीएनजी घेतलीस तर टाकी मागची जागा अडवते, गठ्ठे मोजूनच ठरव. आणि ओळखीचा असला तरी दुसऱ्याचा माल भाडं घेऊन टाकू नकोस. खासगी पाटीवर भाड्याचा माल असताना अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं.

जुनी घेणार असशील तर आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा आहे का ते आधी बघ. असला तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नवा म्हणून दाखवलेला टायर किती शिळा आहे, ते तिथं कळतं.

रविवारी सकाळी जाऊ. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. येताना टॉवेलचे दोन गठ्ठे आणि सुताची चार पोती घेऊन ये. भरूनच चालवून बघू.

तुझा,
काका