राक्षस दाराशी का थांबतो?

ॲनिमेतल्या आवडत्या पात्रांना बंद वाड्यात कोंडायचं आणि मागे राक्षस सोडायचा, असा सर्व्हायव्हल हॉरर आरपीजी स्वतः बनवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ सगळे 'आरपीजी मेकर' हे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर वापरतात. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे आकडे त्याच्या 'एमव्ही' आवृत्तीचे (२०१५) समजावेत; 'एमझेड'मध्येही (२०२०) ते बहुतांशी तसेच आहेत.

'हेताओनी'सारखा खेळ करायचा आहे. 'आओ ओनी'ची नक्कल केली की झालं ना?

नाही, कारण या दोन गोष्टींचा सांगाडाच वेगळा आहे. २००८ चा 'आओ ओनी' हा जपानी भयखेळ आरपीजी मेकरच्या 'एक्सपी' या जुन्या आवृत्तीवर बनलेला. त्यात लढाई नाही; पळा, लपा, कोडी सोडवा, एवढंच. 'हेताओनी' या चाहत्यांच्या खेळाने तो वाडा घेतला, त्यात 'हेतालिया' या ॲनिमेची पात्रं आणली, पाळीपाळीच्या लढाया घातल्या आणि पुन्हापुन्हा मागे फिरणाऱ्या काळाची कथा रचली. शिवाय तो लोकांपर्यंत पोहोचला निको निको डोगा या जपानी व्हिडिओ-साइटवरच्या व्हिडिओंमधून. म्हणजे प्रेक्षक संवाद वाचत बसलेला असतो, चावी शोधत नसतो. तेवढे लांब संवाद खेळणाऱ्याच्या हातात दिलेत, तर तो बटण दाबत सुटेल. पाठलाग संपल्यानंतरच्या पहिल्या सुरक्षित खोलीत लांब संभाषण चालतं. पाठलागाच्या आधी दोन-तीन संवाद-चौकटींवर जाऊ नका.

राक्षसाला 'अप्रोच' (नायकाकडे येण्याची) हालचाल दिली आहे, तरी तो एक पाऊल टाकतो, थांबतो, मधेच भलतीकडे वळतो. टेबल आडवं आलं की तिथेच अडकतो. भीती वाटण्याऐवजी हसू येतं.

या एका तक्रारीत तीन वेगवेगळे दोष आहेत.

थांबण्याचं कारण 'फ्रिक्वेन्सी'. नव्या इव्हेंटला (मॅपवर ठेवलेल्या पात्राला किंवा वस्तूला) वेग ३ आणि फ्रिक्वेन्सी ३ मिळते. वेग ३ म्हणजे एका टाइलला (मॅपच्या एका चौकोनाला) ३२ फ्रेम. फ्रिक्वेन्सी ३ म्हणजे प्रत्येक पावलानंतर ६० फ्रेमची विश्रांती. सेकंदाला ६० फ्रेम धरले, तर राक्षस एका टाइलला सुमारे दीड सेकंद घेतो. फ्रिक्वेन्सी ५ केली की विश्रांती शून्यावर येते. हे आधी करा, वेगाला नंतर हात लावा.

वेगाचं गणित असं: वेग एकाने वाढला की हालचाल दुप्पट होते. नायक चालतो वेग ४ ने, म्हणजे १६ फ्रेमला एक टाइल, सेकंदाला पावणेचार. धावताना वेग ५, सेकंदाला साडेसात टाइल. राक्षसाला ४ दिलात तर धावणारा माणूस त्याला सहज मागे टाकतो. ५ दिलात तर एक चूक झाली की संपलं. मधला ४.५ संपादकाच्या यादीत नाही, पण हालचालीच्या मार्गात 'स्क्रिप्ट' आज्ञा घालून 'सेट मूव्ह स्पीड' या फंक्शनला तो देता येतो. मग राक्षस सेकंदाला सुमारे ५.३ टाइल चालतो: धावलात तर वाचाल, दार उघडताना घुटमळलात तर नाही. बहुतेक पाठलागांना हाच आकडा शोभतो.

भलतीकडे वळणं तर मुद्दामच घातलेलं आहे. 'अप्रोच'मध्ये सहापैकी चार वेळा इव्हेंट नायकाकडे जातो, एकदा कुठेही जातो आणि एकदा तोंड असेल तिकडे सरकतो. आडवं आणि उभं अंतर मिळून २० टाइल किंवा जास्त झालं, तर तो निव्वळ भटकतो. गावातल्या कुत्र्याला हे ठीक आहे, राक्षसाला नाही.

टेबलाशी अडकतो, कारण 'अप्रोच' रस्ता शोधत नाही. ज्या दिशेचं अंतर जास्त त्या दिशेला पाऊल टाकतो. ते जमलं नाही तर दुसरी दिशा. रस्ता शोधणारं 'फाइंड डायरेक्शन टू' हे फंक्शन मात्र इंजिनातच आहे. हालचालीचा प्रकार 'कस्टम' करा आणि मार्गात एकच स्क्रिप्ट आज्ञा ठेवा: नायकाचे एक्स-वाय या फंक्शनला द्या, परत आलेली दिशा शून्य नसेल तर 'मूव्ह स्ट्रेट'ला द्या. 'रिपीट' आणि 'हलता न आल्यास वगळा' या दोन्ही खुणा हव्यात. या शोधाची मर्यादा १२ पावलांची आहे. त्यामुळे खूप वळणांच्या भुलभुलैयात तो अजूनही कोपऱ्यात घुटमळेल. खोल्या लहान ठेवल्यात तर ही मर्यादा जाणवतही नाही.

आणखी एक: इव्हेंट पडद्यापासून दूर गेला की इंजिन त्याची आपोआप होणारी हालचाल थांबवतं. लांबलचक मॅपच्या दुसऱ्या टोकाला सोडलेला राक्षस तुमच्याकडे निघालेलाच नसतो.

एकटा नायक असला की राक्षस पकडतो. चौघांची पार्टी मागे चालत असली की मात्र पाठीमागून येऊन नुसताच चिकटतो, पकडत नाही.

फॉलोअर (नायकामागे चालणारी पार्टी) आडवे येतात. दिसणारे फॉलोअर इव्हेंटची वाट अडवतात, पण 'इव्हेंट टच' (इव्हेंटने नायकाला स्पर्श करणं) सुरू होताना इंजिन फक्त नायकाची जागा तपासतं. त्यामुळे शेवटच्या फॉलोअरला धडकून राक्षस तिथेच उभा राहतो. त्याला 'थ्रू' करू नका, भिंतीतूनही जाईल. पाठलाग सुरू होताना 'चेंज प्लेयर फॉलोअर्स' बंद करा, संपल्यावर चालू करा. चाहत्यांना सगळी पात्रं कायम डोळ्यांपुढे हवी असतात, हे खरं. तरी पळताना एकच आकृती दिसणं भीतीला पोषकच आहे. राक्षसाची प्रायॉरिटी 'पात्रांच्या पातळीवर' आहे ना, तेही बघा. वरच्या किंवा खालच्या पातळीवरचा इव्हेंट चालत येऊन असा स्पर्श करूच शकत नाही.

दारातून दुसऱ्या खोलीत गेलं की राक्षस मागे येत नाही. यायला हवा.

इव्हेंट एका मॅपचा असतो, तो दार ओलांडत नाही. ओलांडल्याचा भास तुम्ही निर्माण करायचा. 'पाठलाग चालू' असा एक स्विच (चालू-बंद खूण) करा. प्रत्येक खोलीत राक्षसाचा एक इव्हेंट ठेवा, त्याचं पान (इव्हेंटचं रूप आणि वागणं ठरवणारा संच) या स्विचवर अवलंबून. दारातून जाताना नायक जिथे उतरणार त्या जागेचे एक्स-वाय दोन व्हेरिएबलमध्ये (आकडे साठवायच्या जागांत) टाका. नव्या खोलीत थोडं थांबून 'सेट इव्हेंट लोकेशन'ने राक्षसाला त्याच जागी आणा.

किती थांबायचं? राक्षस जितक्या टाइल मागे होता, त्याला एका टाइलच्या फ्रेमनी गुणा. चार टाइल मागे आणि वेग ४.५ असेल तर सुमारे ४५ फ्रेम. सरसकट ६० ठेवलेत तर लवकरच खेळणाऱ्याला तो ठेका पाठ होतो. आणि नायक दाराच्या टाइलवरच उभा असेल तर राक्षसाला आणू नका. दोघे एकमेकांवर उभे राहतात आणि स्पर्शही लागत नाही. नायक बाजूला होईपर्यंत अट तपासत राहा.

पाठलाग कशाने संपतो ते मात्र एकदा ठरवा आणि पाळा: तीन दारं ओलांडली की, किंवा कपाटात लपलं की. शिरताना राक्षस त्याच खोलीत असेल तर कपाट वाचवणार नाही, हा नियम खेळणाऱ्याला पहिल्याच पाठलागात कळू द्या. न कळणाऱ्या नियमाने आलेल्या मरणाचा राग येतो, भीती वाटत नाही.

एमझेडवाल्यांसाठी: मॅप बदलला की ऑटोसेव्ह होतो. पाठलागाच्या मध्यात, राक्षस दीड टाइलवर असताना झालेला तो सेव्ह खेळ अडकवू शकतो. सुरुवातीला 'चेंज सेव्ह ॲक्सेस' बंद केलंत की ऑटोसेव्हही थांबतो. शेवटी ते परत चालू करायला विसरू नका, ही चूक फार होते.

चिठ्ठी वाचत असतानाच राक्षस येऊन उभा राहतो.

मजकूर दिसत असताना बाकीचे इव्हेंट चालत राहतात. फक्त स्पर्श लागत नाही. चौकट मिटली की लगेच मरण. वाचन सुरू होताना एक 'वाचतोय' स्विच लावा आणि राक्षसाला त्यावर स्थिर पान द्या. किंवा वाचतानाही धोका आहे हे मुद्दाम ठेवा, पण मग चिठ्ठी दोन ओळींची हवी.

टॉर्चचा उजेड प्लगइनशिवाय (वरून जोडलेल्या प्रोग्रामशिवाय) होईल का?

होतो. मधे पारदर्शक भोक असलेलं काळं चित्र करा. पडदा ८१६ × ६२४ असतो. नायक कोपऱ्यात गेला तरी कडा उघड्या पडू नयेत म्हणून चित्र निदान १६३२ × १२४८ हवं. 'पॅरलल' (मागे सतत चालणाऱ्या) इव्हेंटमध्ये नायकाचे स्क्रीन एक्स आणि स्क्रीन वाय व्हेरिएबलमध्ये घ्या, वायमधून २४ वजा करा (तो पायाशी मोजला जातो), चित्राचा मूळबिंदू 'मध्य' ठेवून दाखवा, मग एक फ्रेम थांबा. हे थांबणं लिहून ठेवा, म्हणजे पुढे त्याच इव्हेंटमध्ये लूप घातलात तरी खेळ गोठणार नाही.

चित्र नायकाच्या एक फ्रेम मागे राहतं. धावताना ते अंतर ६ पिक्सेलचं असतं, म्हणून भोकाची कड धूसर ठेवा. धारदार कड थरथरते. पडद्याला छटा देणाऱ्या 'टिंट स्क्रीन' आज्ञेचा परिणाम चित्रांवर होत नाही, हेही लक्षात असू द्या. काळोख्या खोलीत चित्र म्हणून दाखवलेला पात्राचा चेहरा एकटाच लखलखीत दिसेल. त्याला वेगळा टोन द्यावा लागतो.

आठ आवडती पात्रं आहेत. सगळी लढाईत हवीत.

लढाईत एका वेळी चारच येतात, आणि ते चांगलंच आहे. १९८९ साली कॅपकॉमने फॅमिकॉम या गेम-कन्सोलवर आणलेला 'स्वीट होम' हा खेळ एकदा जरूर अभ्यासा. त्यात पाच माणसं, गट जास्तीत जास्त तिघांचा, प्रत्येकाकडे स्वतःचं एक साधन: लायटर, औषधपेटी, कॅमेरा, व्हॅक्यूम क्लीनर, चावी. मेलेलं माणूस परत येत नाही, पण त्याच्या साधनाला पर्यायी वस्तू सापडते, म्हणून खेळ अडत नाही. तुमच्या आठांना असंच वाटा. ॲनिमेत जो भित्रा आहे त्याला राक्षसाची चाहूल आधी लागू दे, जो बढाईखोर आहे त्याच्याकडून दार उघडताना आवाज होऊ दे. चाहत्याला पात्राचा स्वभाव आधीच ठाऊक असतो. तो नियमात उतरवलात तर समजावून सांगावं लागत नाही. चाहत्यांच्या खेळाची हीच खरी सोय आहे, आणि बहुतेक जण ती फक्त संवादांत खर्च करून टाकतात.

लढाई एकतर फार सोपी होते, नाहीतर कंटाळवाणी.

नेहमीचं सूत्र आहे: हल्ला × ४ वजा बचाव × २, आणि त्यात २० टक्के चढउतार. हल्ला २०, बचाव २५ असेल तर मार ३०, म्हणजे २४ ते ३६. राक्षसाचे एचपी (जीवाचे गुण) ६०० ठेवलेत तर वीस घाव लागतील; दोघे लढत असतील तर दहा फेऱ्या. पाचव्या फेरीनंतर भीती उरत नाही, नुसती मोजदाद उरते. चार ते सहा फेऱ्यांत निकाल लागेल असे एचपी ठेवा. बचाव हल्ल्याच्या दुप्पट केला की मार शून्य होतो. 'हे हत्यार चालत नाही' हे सांगायला एवढं पुरे, संवाद नको.

पळून जाण्याची शक्यता म्हणजे पार्टीची सरासरी चपळाई भागिले शत्रूची, त्याच्या निम्मी. प्रत्येक अपयशानंतर १० टक्के वाढते. राक्षस दुप्पट चपळ असेल तर पहिल्यांदा २५ टक्के, मग ३५, मग ४५. तीन प्रयत्नांनंतरही अडकून राहण्याची शक्यता सुमारे २७ टक्के. फसलेल्या प्रयत्नात ती फेरीही वाया जाते, तेव्हा राक्षसाच्या एका फेरीचा मार तिप्पट करून बघा: पूर्ण तब्येतीच्या पात्राला तो झेपला पाहिजे.

औषधं मुळात ९९ पर्यंत जमवता येतात. ही मर्यादा सहा-सातवर आणल्याशिवाय सर्व्हायव्हल हा शब्द वापरू नये, असं आमचं मत.

मराठी संवाद टाकले तर काना-मात्रा सुट्या पडतात, जोडाक्षरं फुटतात.

एमव्ही प्रत्येक चिन्ह वेगळं रंगवतं, म्हणून वेलांटी अक्षरापासून तुटते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते. फाँट बदलून काही होणार नाही. मजकूर रंगवणारा भाग बदलणारं प्लगइन लागेल किंवा संवाद चित्र म्हणून द्यावे लागतील. एमझेड मजकूर साठवून मग रंगवतं, पण संवादाच्या चौकटीत एकेक चिन्ह उमटवताना तिथेही तेच होतं. त्यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक ओळीच्या आरंभी उलटी तिरकी रेघ आणि लगेच 'पेक्षा मोठे'चं चिन्ह घाला. ओळ एकदम उमटते आणि जोडाक्षरं शाबूत राहतात. टंकलेखनाचा ठेका मात्र जातो. त्याऐवजी ओळींमध्ये विराम देणारे संकेत वापरा.

फुकट देणार आहे, म्हणजे कायद्याची अडचण नाही ना?

फुकट असणं म्हणजे परवानगी नव्हे. जपानच्या कायद्यातही मूळ कृतीवर बेतलेल्या कृतीचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच असतो. ३० डिसेंबर २०१८ पासून तिथे काही उल्लंघनांवर तक्रारीशिवायही खटला भरता येतो, पण त्यासाठी नफ्याचा हेतू, मूळ कृतीची जशीच्या तशी प्रत आणि हक्कधारकाच्या कमाईला अवाजवी धक्का, असं सगळं जुळावं लागतं. चाहत्यांच्या स्वतंत्र कृती सहसा त्यात बसत नाहीत. तरी हक्कधारक खेळ काढून टाकायला सांगू शकतो, आणि सांगितलं तर काढावा.

व्यवहारात पहिली अडचण संगीताची येते. ॲनिमेचं मूळ पार्श्वसंगीत घातलंत, तर तुमचा खेळ खेळून दाखवणाऱ्यांचे व्हिडिओ आपोआप पकडले जातात. चित्रं स्वतः काढा, संगीत मोकळ्या परवान्याचं घ्या. मालिकेचं अधिकृत बोधचिन्ह मुखपृष्ठावर लावू नका.

माझ्याकडे चालतो, दुसऱ्याला दिला की 'फाइल सापडत नाही' म्हणून बंद पडतो.

दोन संशयित. पहिला, निर्यात करताना 'न वापरलेल्या फाइली वगळा'वर केलेली खूण: स्क्रिप्टमधून बोलावलेली चित्रं आणि आवाज इंजिनाला वापरलेले दिसत नाहीत, ते वगळले जातात. दुसरा, नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं: विंडोजला फरक पडत नाही, लिनक्स आणि वेब सर्व्हरला पडतो. सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा, खूण काढा, आणि निर्यात केलेली प्रत मूळ प्रकल्पाबाहेरच्या फोल्डरमधून शेवटच्या पाठलागापर्यंत एकदा खेळून बघा.