मार्क पोर्टलवर राहू देत, पोरांचं काम बाहेर येऊ दे

अगं, तुझा मेसेज नीट वाचला. कॉलेजनं पोर्टल घेतलंय, नोट्स, असाइनमेंट, अटेंडन्स सगळं त्यावरच झालं पाहिजे म्हणतायत, आणि तुझा अनुभव असा की तुझ्या भूगोलाच्या वर्गातली पोरं पीडीएफ डाउनलोड करून ठेवतात, उघडत नाहीत, आणि डेडलाइनच्या रात्री एकमेकांच्या फाइलवर नाव बदलून अपलोड करतात. तर हे सोडून मोकळ्या इंटरनेटवर शिकवता येईल का, असं तू विचारलंयस. येईल. फक्त सोडून नको, ते ठेवून कर. तू तासिका तत्त्वावर आहेस, उद्या नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणारी, कमिटी आली की प्राचार्य तुझ्याकडे पोर्टलचेच आकडे मागणार, त्यामुळे तिथं भांडण काढू नकोस. अटेंडन्स, मार्क, इंटर्नलचा हिशोब पोर्टलवर राहू दे, त्याची जागा तीच आहे. पोरं जे काम करतात ते मात्र बाहेर काढ.

का म्हणतेय ते सांगते. पोर्टलवर सेमिस्टर संपलं की कोर्स बंद, पुढच्या वर्षी तोच कॉपी होऊन नव्या बॅचला, आणि जुन्या पोरांनी जे लिहिलं ते त्यांनाही परत दिसत नाही. भूगोलाच्या जर्नलचंही हेच होतं ना, वर्षभर रंगीत पेन्सिलीनं समोच्च रेषा काढायच्या, सही शिक्का घ्यायचा, बाहेरचे परीक्षक दोन मिनिटं चाळणार आणि मग गठ्ठा रद्दीत. एवढी मेहनत आणि ती वाचणारा एकच माणूस, तोही मार्क देण्यापुरता. पोरांना हे कळतं गं, म्हणून ती कॉपी करतात. आळशी असतात म्हणून नाही, त्या कामाची कुणालाच गरज नाही हे त्यांना दिसतं म्हणून.

हा विचार काही नवा नाही. २००८ मध्ये कॅनडात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठाचा एक कोर्स सगळ्यांसाठी उघडा केला. फी भरलेले विद्यार्थी पंचवीसच्या आसपास आणि फुकट सामील झालेले दोन हजारांच्या वर. गंमत आकड्याची नाही, रचनेची आहे. एकाच जागी लॉगिन करून सगळ्यांनी बसायचं असं नव्हतंच, ज्यानं त्यानं आपापल्या ब्लॉगवर लिहायचं आणि डाउन्सनं बनवलेलं सॉफ्टवेअर ते गोळा करून रोज एका पत्रकात सगळ्यांना पाठवायचं. पुढे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात जिम ग्रूम यांनी डिजिटल स्टोरीटेलिंगचा कोर्स असाच चालवला, तिथं तर प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता, घ्यायचं, काम त्यावर ठेवायचं, आणि असाइनमेंटसुद्धा बाहेरच्या लोकांनी सुचवलेल्या असायच्या. कोर्स संपला तरी साइट विद्यार्थ्याचीच. मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते, काम ज्याचं त्याच्याकडे राहिलं.

आता तुझ्या वर्गाला डोमेन घ्यायला सांगू नकोस, खर्च आहे आणि त्याची गरजही नाही. तुझा विषय भूगोल आहे आणि भूगोलाला आयता उघडा वर्ग मिळालेला आहे, ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेला, कुणीही खातं काढून दुरुस्त करू शकेल असा जगाचा नकाशा. तू तुझ्या तालुक्यावर झूम करून बघ. हायवे असेल, मोठी गावं असतील, पण वाड्या-वस्त्या, पाणंद, केटी वेअर म्हणजे कोल्हापुरी बंधारे, पाझर तलाव, बारव म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, यातलं बरंचसं नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे तुझ्या पोरांना जे रोज दिसतं ते जगाला दिसत नाही, आणि ते भरायला त्यांच्याहून लायक माणूस दुसरा नाही.

समजा एका मुलीनं आपल्या वस्तीवरून गावात येणारी पाणंद काढायला घेतली. ब्राउझरमध्येच एडिटर उघडतो, खाली उपग्रहाचं चित्र असतं, त्यावर रेघ ओढत जायचं. पहिल्याच मिनिटाला प्रश्न, हा रस्ता म्हणायचा का शेतातली वाट, ट्रॅक्टर जातो का, पावसाळ्यात जातो का? हे तिला माहितीय, चित्राला माहिती नाही. मग वाटेत ओढा येतो. उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात तिथं नुसती पांढरी वाळू दिसणार, म्हणून तो नकाशावर नकोच का? नाही, काढायचा, आणि तो हंगामी आहे अशी नोंद करायची, तशी वेगळी सोय आहे. बारमाही आणि हंगामी प्रवाह आपण टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या छापील नकाशावर, वर्षानुवर्षं शिकवतो आणि पोरं पाठ करतात, इथं ते तिला ठरवावं लागतं. शिवाय उपग्रहाचं चित्र जमिनीपेक्षा काही मीटर सरकलेलं असू शकतं, ते मोबाइलच्या जीपीएसनं चालत जाऊन ताडून बघायचं. यासाठी वेगळं लेक्चर लागत नाही, अडलं की ती स्वतः विचारते.

आणि सेव्ह करताना एक छोटी चौकट येते, काय बदललं ते एका ओळीत लिहा. त्याखाली एक टिक असते, माझं काम कुणीतरी तपासावं अशी विनंती करणारी. ती टिक पोरांना करायलाच लाव. मग कुठला तरी अनोळखी मॅपर येऊन लिहू शकतो की तुमची वाट नदीला पूल नसताना ओलांडतेय, तिथं फरशी, म्हणजे पाणी वरून जाणारा ठेंगणा रस्ता, आहे का काय आहे. हे त्यांना तुझ्याकडून ऐकण्यापेक्षा फार वेगळं लागतं, कारण समोरच्याला त्यांच्या मार्कांशी काही घेणंदेणं नसतं, त्याला नकाशा बरोबर हवा असतो.

दोन नियम पहिल्याच दिवशी सांग. गुगल मॅपवरून बघून काहीही उतरवायचं नाही, ते त्यांच्या मालकीचं आहे आणि असं उतरवलेलं काम काढून टाकतात. आणि जागेवर जे आहे तेच, पंचायतीत मंजूर झालेला पण न झालेला रस्ता काढायचा नाही. नावं देवनागरीत घालायला सांग, मराठीसाठी वेगळा रकाना आहे.

आता काळजीचं. उघडं म्हणजे खरोखर उघडं असतं, कुणी कुठल्या वेळी काय बदललं हे सगळ्यांना कायम दिसतं. त्यामुळे खातं स्वतःच्या नावानं काढायचं नाही, टोपणनाव घ्यायचं, कुठलं टोपणनाव कुणाचं ही यादी फक्त तुझ्याकडे. मुलींच्या बाबतीत तर यात अजिबात ढिलाई नको. घर कुणाचं हे लिहायचं नाही. आणि ज्याला उघड्यावर नको वाटतं त्याला तेवढ्याच मार्कांचं काम कागदावर करू दे, कारण न विचारता सक्ती केली तर हेही पोर्टलसारखंच होईल. नेटचा प्रश्न येईलच, वाड्यांवर रेंज नसते, म्हणून फील्डवर कागदी नकाशा न्यायचा, त्यावर पेनानं खुणा करायच्या आणि कॉलेजच्या लॅबमध्ये बसून चढवायचं. एका पीसीवर तिघं बसली तरी चालतं, उलट बरं, भांडतात आणि त्यात शिकतात.

फुकट आणि उघडं यात गल्लत करू नकोस, हे मी मुद्दाम सांगतेय. २०१२ च्या सुमाराला कोर्सेरा, एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइट आल्या तेव्हा सगळे म्हणाले शिक्षण खुलं झालं. प्रवेश खुला होता हे खरं, पण व्हिडिओ त्यांचे, क्विझ त्यांची, आणि एडेक्स पुढे २०२१ मध्ये टूयू नावाच्या कंपनीनं ८० कोटी डॉलरला घेतलं. म्हणजे दार ज्याचं तो कधीही बंद करू शकतो. कॉलेजांची पोर्टलं ज्यावर चालतात त्या मूडलचं उलट, मार्टिन डुगियामास यांचं ते सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, बदलावं असं आहे, पण कॉलेजं त्यावर लॉगिनची भिंत बांधतात. म्हणून कुठलीही साइट घेताना दोन प्रश्न विचार, इथलं काम पोरांना उचलून दुसरीकडे नेता येईल का, आणि परवाना काय आहे, म्हणजे ते काम कुणाला वापरता, बदलता येतं.

स्वयम या सरकारी साइटवरचे ऑनलाइन कोर्स पोरांना जरूर सांग, शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी वेगळी, आणि विद्यापीठानं मान्य केलं तर २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात. ज्यांना कॉम्प्युटरचीच भीती आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ, मराठीत आवाज आहे, अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवून करत जायचं. तिथं प्रश्न विचारताना व्हिडिओच्या कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडलं हे निवडावं लागतं. मला ही पद्धत फार आवडते. आपल्या वर्गात पोरं नुसतं समजलं नाही म्हणतात, कुठं अडलं हे सांगायची सवयच लागलेली नसते.

सगळी पोरं उत्साहानं करतील असं धरून चालू नकोस. काही पहिल्या दोन वेळेनंतर गळतील, काही फक्त मार्कांपुरतं करतील, आणि एखादं कुणीतरी सुट्टीतही करत बसेल. त्या एखाद्याकडे लक्ष ठेव, त्याला विकिपीडियाकडे वळव, बारवांचे स्वतः काढलेले फोटो मुक्त परवान्यानं चढवायला शिकव.

या सेमिस्टरला फक्त एक प्रात्यक्षिक बदल, गावनकाशाचं. एचओडींना आधी एक पान लिहून दे, त्यात मार्क पोर्टलवरच राहतील हे पहिल्या ओळीत लिही, म्हणजे अर्धा विरोध तिथंच संपेल. पोरांच्या आधी स्वतःचं खातं काढ आणि तुझ्या माहेरच्या गावातला एक ओढा काढून बघ, उगमापासून नदीला मिळेपर्यंत पूर्ण. झाला की लिंक पाठव, प्रवाहाची दिशा बरोबर आहे का ते मी बघते, रेघ उताराच्या दिशेनंच ओढायची असते.

तुझी
मॅडम