वाचकांचे प्रश्न : आकाशातले लेखी निरोप

प्रश्न : माझी भाची वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. हवाई वाहतूक नियंत्रक आता रेडिओवर बोलण्याऐवजी कॉकपिटमध्ये लेखी निरोपही पाठवतात, असे ती सांगते. यामुळे वैमानिकाचे काम हलके होते की वाढते?
— एक वाचक, सांबरा, ता. बेळगाव

उत्तर : भाचीची माहिती बरोबर आहे. या पद्धतीला सीपीडीएलसी (कंट्रोलर-पायलट डेटा लिंक कम्युनिकेशन्स, म्हणजे नियंत्रक व वैमानिक यांच्यातला लेखी निरोपांचा संवाद) म्हणतात. समुद्रावरून उडताना तिने काम निश्चितच हलके होते. पूर्वी किनारा मागे पडला की उच्च वारंवारतेच्या खरखरत्या रेडिओवरच विसंबावे लागे आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारावे लागे. १९९५ मध्ये दक्षिण पॅसिफिकवर ही सोय सुरू झाली आणि पुढे ती अरबी समुद्रावर व बंगालच्या उपसागरावरही आली. कन्नडमधले ‘एप्पत्तु’ म्हणजे सत्तर आणि ‘एंबत्तु’ म्हणजे ऐंशी, हे बेळगावच्या बाजारात मराठी कानाची फसगत करतात, पण चिठ्ठीवर आकडा आला की शंका उरत नाही. उंचीच्या आकड्यांचेही तसेच आहे.

मात्र कानांवरचा भार डोळ्यांवर येतो, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. निरोप आल्यावर दोघा वैमानिकांनी तो आपापला, मोठ्याने न वाचता, वाचायचा असतो, कारण एकाने चुकीचे वाचले तर दुसऱ्याच्या कानात तीच चूक बसते. त्यानंतर दोघांचे एकमत झाले की ‘विल्को’ (आज्ञा पाळतो) किंवा ‘अनेबल’ (पाळणे शक्य नाही) असे ठरलेले उत्तर पाठवायचे. अमुक वेळेला वर चढा, अशा सशर्त आज्ञेतली वेळ नजरेतून निसटली, तर विमान नको त्या क्षणी चढू लागते. शिवाय या सगळ्यात मान खाली पडद्याकडे असते.

आणखी एक गोष्ट हरवते, तिची भरपाई अजून नीट झालेली नाही असे माझे मत आहे. रेडिओवर एका वैमानिकाला दिलेली आज्ञा त्या वारंवारतेवरचे सगळेच ऐकतात, त्यामुळे पुढच्या विमानाला कुठे हादरे बसले, कोण कोणती उंची मागत आहे, याचे चित्र मनात आपोआप तयार होत जाते. लेखी निरोप ज्याचा त्यालाच मिळतो आणि शांत कॉकपिटमध्ये ते चित्र मुद्दाम उभे करावे लागते.

उत्तर यायला लागणारा वेळही तोंडी बोलण्यापेक्षा जास्त असतो. म्हणून तातडीच्या प्रसंगी आवाजच वापरतात, आणि तुमच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर उतरणारा वैमानिकही नियंत्रकाशी तोंडीच बोलतो.