व्हिएन्नात दोनच संध्याकाळी मिळणार असतील, तर संगीताच्या कोणत्या कार्यक्रमाचे तिकीट आधी काढावे?

आपण विचारले आहे की, जर्मन किंवा इटालियन येत नसताना ऑपेराला जाण्यात अर्थ आहे का, की राजवाड्यातील मोझार्टच्या कार्यक्रमाचे तिकीट भारतातूनच काढून ठेवावे. माझे उत्तर असे की, एक संध्याकाळ मोकळी ठेवा आणि स्टेट ऑपेरात उभ्याने ऑपेरा ऐका. भाषेची सबब मात्र मला मान्य नाही, कारण ती मी घरातच दहा वर्षे ऐकत आले आहे.

मी व्हिएन्नाला गेले, त्या वेळी आम्ही चौघे होतो: मी, माझे पती, मोठे दीर आणि जाऊबाई. दिवसभर शॉनब्रुन राजवाडा पायी पालथा घालून आम्ही भुयारी रेल्वेने ऑपेराजवळच्या कार्लस्प्लात्झ स्थानकावर आलो, तेव्हा पाऊस लागला होता. ऑपेराच्या परिसरात मोझार्टकालीन विग आणि कोट घालून तिकिटे विकणारे तरुण प्रवाशांना गाठतात. त्यांपैकी एकाने भाऊजींना माणशी ६० युरोंच्या कार्यक्रमासाठी जवळजवळ पटवलेही होते. पाऊस चुकवायला मी इमारतीच्या बाजूच्या कमानींखाली गेले, तर तिथे पन्नासेक माणसे रांगेत होती; कोणी घडीच्या स्टुलावर बसून वाचत होते, कोणी डबा उघडून खात होते. विचारल्यावर कळले की, ही उभ्याच्या तिकिटांची रांग आहे, खेळाच्या ८० मिनिटे आधी खिडकी उघडते आणि तिकीट ४ युरोंचे आहे. त्या रात्री इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ऑपेरा ‘टोस्का’ होता. भाऊजी म्हणाले, “न कळणारे गाणे तीन तास उभे राहून ऐकण्यापेक्षा खोलीवर जाऊन खिचडी लावू.” ते आणि जाऊबाई गेले, आम्ही दोघे राहिलो.

आत गेल्यावर रांगेतल्या एका आजींनी खुणेनेच शिकवले की, आपल्या जागेच्या कठड्याला रुमाल बांधायचा आणि मग खुशाल फिरून यायचे. मी ओढणी बांधली. परत आलो तेव्हा जागा तशीच होती, हे पुण्याच्या माणसाला सांगूनही पटत नाही. ती जागा खुर्च्यांच्या मागे, मधल्या मुख्य सज्जाच्या खाली, रंगमंचाच्या अगदी समोर होती. गायकांच्या पुढे ध्वनिक्षेपक नव्हता, आणि वाद्यवृंद तोच होता ज्याच्यातून व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचे वादक घेतले जातात. ‘टोस्का’चा तो प्रयोग दिग्दर्शिका मार्गारेट वॉलमन यांनी १९५८ साली बसवलेला असून, त्याच मांडणीत त्याचे सहाशेहून अधिक खेळ झाले आहेत. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकाची मांडणी अशी कोणी जपली असती, तर पहिले तिकीट भाऊजींनीच काढले असते.

तिसऱ्या अंकात पहाटे गोळी घातली जाणार असलेला चित्रकार प्रेयसीला पत्र लिहू लागतो, आणि त्याने तोंड उघडण्याआधी त्याच्या गाण्याची चाल क्लॅरिनेट एकट्याने वाजवते. मी क्लॅरिनेट तोवर वरातीच्या बँडमध्येच ऐकले होते. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत होते, परंतु तेवढा वेळ मी तिकडे पाहिले नाही.

खोलीवर परतल्यावर भाऊजींनी विचारले, “कळले काय?” तेव्हा मला उत्तर सुचले नाही, आता सुचते. दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात भाऊजी ज्या ब्रज भाषेतील बंदिशींना मान डोलावतात, त्यांतल्या किती बंदिशींचे शब्द त्यांना सांगता येतील? तराण्याचे बोल तर अर्थासाठी कोणीच ऐकत नाही. तिथे सूर पुरतो आणि इटालियन गाणे आले की शब्दकोश लागतो, हा न्याय कुठला? शिवाय ‘टोस्का’त ईर्ष्या, लाचखोर सत्ता आणि फसवणूक आहे, यातले काय मराठी माणसाला समजावून सांगावे लागते?

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तिकिटांचे दर त्यानंतर बरेच वाढले आहेत आणि उभ्याची तिकिटे आता संगणकावरही मिळतात, म्हणून जाण्यापूर्वी ऑपेराच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे खेळ नसतात. गुडघे दुखत असतील, तर उभ्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या पतींनी दुसरा अंक जवळजवळ कठड्यावर लोंबकळूनच काढला. पहिल्याच खेपेला वॅग्नर या जर्मन संगीतकाराचा ऑपेरा नको, तो फार लांबतो. आणि कोट जमा करावा लागतो, तेव्हा रुमाल बांधून जागा धरण्याची रीत अजून असेल, तर तो हातात वेगळा ठेवा.

राजवाड्यातील कार्यक्रमाचे तिकीट किती दिवस आधी काढावे, हे तो पाहिलेल्या कोणीतरी सांगावे. भाऊजींनीही अखेर तो पाहिला नाही. त्या रात्री त्यांची खिचडी मात्र करपली होती.