दगडावरची बुळबुळ

प्रश्न : नदीतल्या दगडांवर येतो तसा बुळबुळीत थर पाण्यातल्या प्लॅस्टिकवरही येतो का?

उत्तर : येतो, आणि त्याची सुरुवातही तशीच होते. कोणताही पृष्ठभाग पाण्यात बुडाला, की काही मिनिटांतच विरघळलेले सेंद्रिय रेणू त्याला चिकटतात. मग जिवाणू येऊन आधी सैलसर टेकतात आणि त्यांतले काही स्वतः स्रवलेल्या चिकट बहुशर्करांच्या (शर्करेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या) आधाराने कायमचे स्थिरावतात. बोटांना जाणवते ती बुळबुळ मुख्यतः याच स्रावाची. उजेड असल्यास पुढे डायाटमसारखी शैवालेही येतात. १९३३ साली अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेन्रिसी यांनी काचेच्या पट्ट्या पाण्यात बुडवून त्यांवरचे जिवाणू थेट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. युक्ती इतकी साधी, की ती आजही वापरात आहे. फरक असतो तो आधाराच्या स्वरूपाचा : खडबडीत दगडाच्या खाचांत प्रवाहापासून आसरा मिळतो, बुडालेले पान अन्नही पुरवते, तर प्लॅस्टिक बहुतांशी केवळ बूड टेकायला जागा देते.