सही तुझी, तर मोबाईल नंबरही तुझाच

पोरी,

हळद पावडरीसाठी कर्ज कुठल्या योजनेतून काढू, हे तू विचारलंस. मला टोचलं ते तू मधेच सहज लिहिलेलं: 'दीर म्हणतात, वहिनी, नाव तुमचं राहू द्या, बाकीचं मी बघतो.'

बाईला अनुदान जास्त, म्हणून नाव तुझं. एकल मालकीत, म्हणजे धंदा एकट्या तुझ्या नावावर असताना, हप्ता थकला की नोटीस तुला, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत तुझी खराब. खात्याचा ओटीपी दिराच्या फोनवर जात असेल, तर धंदा दिराचा आणि कर्ज तेवढं तुझं. सही तुझी, तर नंबरही तुझाच. घरात कुरकुर होईल, होऊ दे.

पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, खेड्यातल्या बाईला ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण ते पैसे हातात पडत नाहीत. तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून अडकतात. तोवर हप्ता पाकिटं विकूनच फेडायचा. म्हणून आधी हिशेब. समज, १६० रुपयांनी १०० किलो हळकुंडं घेतलीस. निवडणं, दळणं, चाळणं होऊन ९४ किलो पावडर हाती आली, तर माल १७० ला पडला, १६० ला नव्हे. त्यावर दळणावळ, पाकीट, लेबल, टेम्पोभाडं, दुकानदाराचं कमिशन. आणि तुझी मजुरी! ती धरायला बायका हमखास विसरतात, मग वर्षभर राबून गल्ला रिकामा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, फुकट आहे, एजंटला दमडी देऊ नकोस. तिचाही ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, तोही तपास. नोंदणी असली की घाऊक खरेदीदाराला लेखी करारावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत तुझे पैसे द्यावे लागतात. मालासोबतच्या चलनावर पोचसही घेतल्याशिवाय माल सोडू नकोस. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याखेरीज तो शिक्का छापायचा नाही.

म्हसवडच्या माणदेशी या बायकांच्या बँकेचा पहिला अर्ज बायकांचे अंगठे बघून नाकारला गेला होता. त्या लिहाय-वाचायला शिकल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. तू तर बी.कॉम. आहेस, आणि पासबुक कुठं ठेवलंय ते दिराला विचारतेस?

मला हेकट म्हणतात. न वाचता केलेल्या सह्यांची हळहळ माझ्यापाशी पुष्कळ आहे, म्हणून इतकं तोडून लिहितेय. यात चूक वाटत नाही मला.

सोमवारी बँकेत जाऊन नंबर बदलून घे. मग पासबुक आणि १०० किलोचा हिशेब घेऊन ये, जेवायलाच ये. योजनेचं तेव्हा बघू.